ड्यूक ऑफ वेलिंग्टन हा किताब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वाचकाला आर्थर वेलस्ली हे नाव असईच्या लढाईमुळे ठाऊक असते आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे नाव वॉटर्लूच्या लढाईमुळे. ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे कळल्यावर पुढचे प्रश्न पडू लागतात : नाव बदलले कधी, किताब कशाबद्दल मिळाला, तो आजही चालू आहे का, मुलींना तो का मिळत नाही. वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि वारसाहक्कातले अवघड अपवाद शेवटी घेतले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे एका माणसाचे नाव आहे की पदाचे?

तो वंशपरंपरागत किताब आहे. ११ मे १८१४ रोजी तो प्रथम आर्थर वेलस्ली याला देण्यात आला, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या वंशातील नऊ पुरुषांनी तो एकामागून एक धारण केला आहे. आज हयात असलेले ड्यूक हे नववे. इतिहासाच्या पुस्तकात मागेपुढे काही न लिहिता नुसते ‘वेलिंग्टन’ असे आले, तर तेथे पहिला ड्यूक अभिप्रेत असतो. १७६९ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला, १७९७ ते १८०५ या काळात हिंदुस्थानात असलेला, १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा आणि पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला तो हाच. या पानावर त्याला ‘आर्थर’ किंवा ‘पहिला ड्यूक’ असे म्हटले आहे.

२. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल यांची उतरंड कशी असते? आणि किताबाबरोबर जहागीर मिळते का?

ब्रिटिश उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत. वरून खाली उतरत गेल्यास ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन असा क्रम लागतो. यातला प्रत्येक किताब राजाच्या स्वतंत्र सनदेने निर्माण होतो आणि तो कोणाकडे, कोणत्या क्रमाने जाईल हे त्या सनदेतच लिहिलेले असते. पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांची किल्ली या एका गोष्टीत आहे, म्हणून ती आधीच सांगितली.

आपल्याकडच्या सरंजामाशी किंवा जहागिरीशी या किताबांची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फार पुढे नेता येत नाही. मराठा सरदाराच्या सरंजामात मुलखाचा वसूल असे आणि त्याच्या बदल्यात फौज बाळगण्याची जबाबदारी असे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश किताबात असे काही नव्हते. वेलिंग्टन गावावर ड्यूकची सत्ता चालत नव्हती आणि तेथला कर त्याच्याकडे जमा होत नव्हता. किताबाला साजेशी जमीन आणि पैसा संसदेने वेगळा मंजूर केला, त्याची हकीकत प्रश्न ७ मध्ये आहे.

३. वेस्ली, वेलस्ली, मॉर्निंग्टन, वेलिंग्टन : ही सगळी एकाच घराण्याची नावे कशी?

गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण यातली दोन आडनावे आहेत आणि दोन किताब. घराण्याचे मूळ आडनाव कॉली. आर्थरचे आजोबा रिचर्ड कॉली यांना १७२८ मध्ये वेस्ली नावाच्या नातलगाची आयर्लंडमधील मालमत्ता मिळाली आणि त्याबरोबर त्यांनी वेस्ली हे आडनाव घेतले. १७४६ मध्ये ते बॅरन मॉर्निंग्टन झाले. त्यांचा मुलगा गॅरेट, म्हणजे आर्थरचा बाप, हा जाणकार संगीतकार होता आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. त्याला १७६० मध्ये अर्ल ऑफ मॉर्निंग्टन करण्यात आले. त्याचा थोरला मुलगा रिचर्ड याला आडनावाचे जुने रूप वेलस्ली अधिक पसंत होते, आणि १७९८ पासून आर्थरही आपली सही वेलस्ली अशी करू लागला.

मराठ्यांच्या इतिहासात हे दोघे भाऊ एकाच वेळी येतात, त्यामुळे कोण कोणता हे नीट लक्षात ठेवावे लागते. तैनाती फौजेचे धोरण राबवणारा आणि वसईच्या तहाच्या वेळी गव्हर्नर जनरल असलेला तो रिचर्ड. प्रत्यक्ष फौज घेऊन पुण्यात आलेला आणि पुढे असई, अडगाव, गाविलगड येथे लढलेला तो धाकटा भाऊ आर्थर. रिचर्डला श्रीरंगपट्टण जिंकल्यानंतर १७९९ मध्ये मार्क्वेस वेलस्ली हा किताब मिळाला, परंतु तो आयर्लंडच्या उमरावांतला होता, इंग्लंडच्या नव्हे. त्या अपमानाने तो इतका दुखावला, की सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा अशा शब्दांत त्याने त्या किताबाची संभावना केली. १८४२ मध्ये औरस पुत्र नसताना तो वारला आणि मार्क्वेस वेलस्ली हा किताब त्याच्याबरोबर संपला. मॉर्निंग्टनचा किताब मात्र टिकला, तो कसा ते प्रश्न १० मध्ये पाहा.

४. आर्थरला हा किताब असईच्या विजयाबद्दल मिळाला का?

नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी आर्थर एप्रिल १८०३ मध्ये पुण्यात पोहोचला. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. उतार कोठे आहे हे वाटाड्ये सांगत नव्हते. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसली, तेव्हा तेथे उतार असलाच पाहिजे असा तर्क करून त्याने फौज पलीकडे नेली. पुढे जे झाले ते इंग्रजांसाठीही भयंकर होते. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने शेवटपर्यंत टिच्चून मारा केला, गोलंदाज तोफांजवळच कापले गेले, आणि आर्थरच्या बाजूचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे सोळाशे लोक त्या एका दुपारी पडले. मराठ्यांच्या सुमारे शंभर तोफा त्याच्या हाती आल्या. त्यानंतर २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि महिनाअखेरपर्यंत भोसले व शिंदे या दोघांनीही तह केले.

एवढ्या मोहिमेबद्दल आर्थरला १८०४ मध्ये मिळाला तो ‘नाइट ऑफ द बाथ’ हा मान. त्यामुळे तो सर आर्थर झाला, पण हा मान माणसाबरोबर संपतो, मुलाकडे जात नाही. वंशपरंपरागत उमरावपद त्याला पुढची पाच वर्षे मिळाले नाही. याच युद्धात उत्तरेकडे दिल्ली आणि लासवारी येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या जनरल लेकला मात्र १८०४ मध्येच बॅरन लेक ऑफ दिल्ली अँड लासवारी करण्यात आले. लेक हा सरसेनापती होता आणि आर्थर त्याच्या हाताखालचा मेजर जनरल, हा फरक येथे लक्षात घ्यायला हवा. म्हणून मराठ्यांवरील विजयातून थेट निर्माण झालेला ब्रिटिश किताब शोधायचा असेल, तर तो वेलिंग्टनचा नसून लेकचा आहे. लेक पुढे व्हायकाउंट झाला आणि १८४८ मध्ये पुरुष वारस न उरल्याने तो किताब लयाला गेला.

तरीही असईचा आणि या किताबाचा काहीच संबंध नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. उत्तरायुष्यात, तुमची लढाईतली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असे विचारल्यावर पहिल्या ड्यूकने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, अशी त्याच्या समकालीनांची नोंद आहे. स्पेनमध्ये त्याने जे करून दाखवले, म्हणजे दाणागोटा, बैल, नदीचे उतार आणि हेर यांची आधी व्यवस्था लावून मगच लढाईला उभे राहणे, त्याचे शिक्षण त्याला दख्खनमध्ये मिळाले. असईत तोफांजवळ मेलेल्या गोलंदाजांची नावे कोणत्याच सनदेत नाहीत, याची जाणीव मराठी वाचकाने हा इतिहास वाचताना ठेवावी असे आम्हाला मनापासून वाटते.

५. मग ‘वेलिंग्टन’ हे नाव आले कोठून?

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेलिंग्टन नावाचे गाव आहे. जुलै १८०९ मध्ये स्पेनमधील तालावेरा येथे फ्रेंचांविरुद्ध विजय मिळाल्यावर आर्थरला व्हायकाउंट करण्याचे ठरले. तो स्वतः आघाडीवर होता आणि पत्र जाऊन उत्तर येण्याइतका वेळ नव्हता, म्हणून नाव निवडण्याचे काम त्याचा भाऊ विल्यम याच्याकडे आले. वेलस्ली या आडनावाशी जुळणारे आणि घराण्याचा पूर्वसंबंध सांगता येईल असे नाव विल्यमने शोधले, ते वेलिंग्टन. आर्थरने ते मान्य केले आणि १६ सप्टेंबर १८०९ रोजी प्रथमच ‘वेलिंग्टन’ अशी सही केली. गावाजवळच्या टेकडीवर त्याच्या विजयांचे स्मारक म्हणून उभारलेला उंच त्रिकोणी मनोरा आजही आहे.

६. बॅरनपासून ड्यूकपर्यंत तो किती वर्षांत पोहोचला?

पाच वर्षांहून कमी काळात. सप्टेंबर १८०९ मध्ये तो बॅरन डोरो आणि व्हायकाउंट वेलिंग्टन ऑफ तालावेरा झाला. डोरो ही पोर्तुगालमधील नदी, जी त्याने त्याच वर्षी मे महिन्यात फ्रेंच फौजेच्या नाकासमोर ओलांडली होती. सिउदाद रोद्रिगो हे ठाणे जिंकल्यावर फेब्रुवारी १८१२ मध्ये अर्ल ऑफ वेलिंग्टन, सालामांकाच्या विजयानंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मार्क्वेस ऑफ वेलिंग्टन, आणि नेपोलियनने गादी सोडल्यावर मे १८१४ मध्ये मार्क्वेस डोरो व ड्यूक ऑफ वेलिंग्टन, अशा पायऱ्या त्याने चढल्या. अनेकांचा समज असतो की ड्यूकपद वॉटर्लूबद्दल मिळाले, परंतु वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली, म्हणजे ड्यूक झाल्यावर वर्षभराने. तोवर ब्रिटनमध्ये त्याला द्यायला याहून वरची पायरीच उरली नव्हती.

नवा किताब मिळाला म्हणून जुना रद्द होत नाही. प्रत्येकाची सनद निराळी असल्याने सर्व किताब एकाच माणसाच्या नावावर साठत जातात. या सगळ्या काळात आर्थर परदेशी मोहिमेवर असल्याने त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आपले आसन घेताच आले नव्हते. २८ जून १८१४ रोजी तो प्रथम तेथे गेला, तेव्हा बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस आणि ड्यूक या सर्व सनदा त्याच दिवशी एकामागून एक वाचण्यात आल्या.

७. ड्यूकची श्रीमंती मराठ्यांच्या लुटीतून उभी राहिली का?

अंशतः, पण मुख्यतः नाही. हिंदुस्थानातून परत जाताना आर्थरजवळ सुमारे ४२ हजार पौंड होते आणि त्यातला मोठा भाग लुटीतल्या वाट्याचा होता. त्या काळी जिंकलेल्या मालाची किंमत ठरवून ती हुद्द्याप्रमाणे वाटण्याची रीतच होती. कर्जबाजारी घरातल्या धाकट्या मुलाला या रकमेने आयुष्यात प्रथमच स्वतःच्या पायावर उभे केले. दख्खनच्या मोहिमेतील अधिकाऱ्यांनी त्याला सोनेरी मुलाम्याच्या चांदीच्या जेवणाच्या भांड्यांचा संच भेट दिला. ‘डेक्कन सर्व्हिस’ या नावाने तो लंडनमधील अ‍ॅप्सली हाउस या त्याच्या वाड्यात जपलेला आहे. लंडनला जाणाऱ्या मराठी माणसाने तो पाहावा. आपल्या मुलखाच्या पराभवाची इतकी चकचकीत खूण दुसरीकडे क्वचितच दिसेल.

ड्यूकपदाची जी मालमत्ता आज दिसते ती मात्र संसदेच्या पैशातली आहे. १८१२ मध्ये १ लाख, १८१४ मध्ये ४ लाख आणि वॉटर्लूनंतर २ लाख पौंड संसदेने मंजूर केले. त्यातून १८१७ मध्ये हॅम्पशर परगण्यातील स्ट्रॅटफील्ड सेय ही वाडी आणि तिच्याभोवतीची शेतजमीन विकत घेण्यात आली, आणि घराणे आजही तेथेच राहते. अ‍ॅप्सली हाउस आर्थरने आपला थोरला भाऊ रिचर्ड याच्याकडून विकत घेतले. १९४७ मध्ये सातव्या ड्यूकने ते राष्ट्राला दिले, आणि काही दालने कुटुंबाकडे राखून बाकीचे घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पेशव्यांची जी संपत्ती इंग्रजांच्या हाती लागली, तिच्या वाटपाचा वाद लंडनमध्ये अनेक वर्षे चालला. त्या ‘डेक्कन प्राइझ’च्या विश्वस्तांपैकी एक पहिला ड्यूक होता. तो त्या युद्धात नव्हता, त्यामुळे लढणारा आणि लुटीत वाटेकरी अशी त्याची नोंद काही ठिकाणी आढळते ती चुकीची आहे.

८. दरवर्षी राजाला झेंडा देण्याची काय प्रथा आहे?

स्ट्रॅटफील्ड सेयच्या जमिनीवर नाममात्र खंड आहे आणि तो पैशात भरायचा नसून झेंड्यात भरायचा आहे. दरवर्षी १८ जूनला, म्हणजे वॉटर्लूच्या दिवशी, दुपारी बारा वाजण्यापूर्वी फ्रेंच तिरंग्याची लहान प्रतिकृती विंडसरच्या किल्ल्यात राजाला सादर करावी लागते. तो झेंडा तेथे पहिल्या ड्यूकच्या अर्धपुतळ्याच्या वर लावला जातो आणि वर्षभर राहतो. ड्यूक ऑफ मार्लबरो यांच्याकडेही ब्लेनहाइमच्या लढाईबद्दल अशीच प्रथा आहे, त्यांचा दिवस १३ ऑगस्ट. हा खंड जमिनीशी जोडलेला आहे, किताबाशी नव्हे. जमीन आणि किताब या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचे प्रश्न २ मध्ये म्हटले आहे, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

९. वारसा कोणाकडे जातो? मुलगी किंवा दत्तक मुलगा चालतो का?

ड्यूकपदाच्या सनदेत ते पहिल्या ड्यूकच्या औरस पुरुष वंशजांना दिलेले आहे. म्हणून थोरला मुलगा, तो नसेल तर त्याचा मुलगा, तोही नसेल तर पुढचा भाऊ, असा क्रम लागतो आणि प्रत्येक पायरीवर पुरुषाकडून पुरुषाकडे असाच वंश मोजला जातो. मुलीला तो मिळत नाही आणि मुलीच्या मुलालाही मिळत नाही. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला तो मिळत नाही.

दत्तकाबद्दल मराठी वाचक विशेष आस्थेने विचारतात, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण १८४८ मध्ये साताऱ्याचे आणि पुढे नागपूरचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा केल्याची आठवण आपल्याकडे अजून ताजी आहे. ब्रिटिश किताबांच्या बाबतीत दत्तक मुलाला आजही वारसा मिळत नाही. पण या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक पुत्र हा औरसाच्या जागी उभा राहतो आणि आपल्या राजघराण्यांत ती रीत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली होती. जो समाज दत्तकाला पूर्ण मुलगा मानत होता, त्याच्यावर बाहेरून नकार लादला गेला हा साताऱ्यावरचा अन्याय होता. वेलिंग्टनच्या सनदेतली अट ब्रिटनने आपल्याच उमरावांना आपल्याच कायद्याने घातलेली आहे.

१०. नऊ ड्यूकांपर्यंत वंश सरळ चालत आला का?

नाही, तो तीनदा वळला. पहिला ड्यूक १४ सप्टेंबर १८५२ रोजी वारल्यावर त्याचा थोरला मुलगा दुसरा ड्यूक झाला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आले अशी वर्दी दिली जाईल आणि दारातून मी आत येईन, तेव्हा लोकांना काय वाटेल, अशी खंत त्याने बोलून दाखवल्याचे सांगतात. इतक्या मोठ्या बापाचा मुलगा असण्याचे ओझे त्यात दिसते. तो १८८४ मध्ये निपुत्रिक वारला आणि किताब पुतण्या हेन्रीकडे गेला, हे पहिले वळण. तिसरा ड्यूक हेन्री १९०० मध्ये निपुत्रिक गेला आणि त्याचा भाऊ आर्थर चार्ल्स चौथा ड्यूक झाला, हे दुसरे. चौथ्यानंतर त्याचा मुलगा पाचवा आणि नातू सहावा ड्यूक झाला. हा सहावा ड्यूक हेन्री व्हॅलेरियन दुसऱ्या महायुद्धात कमांडो तुकडीत होता, आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतील सालेर्नो येथे लढताना एकतिसाव्या वर्षी मारला गेला. त्याचे लग्न झालेले नव्हते. किताब उलटा वर चढून त्याच्या चुलत्याकडे, व्यवसायाने वास्तुविशारद असलेल्या जेराल्डकडे गेला, हे तिसरे वळण. जेराल्ड १९७२ मध्ये वारले, त्यांचे पुत्र आठवे ड्यूक २०१४ च्या अखेरच्या दिवशी, आणि तेव्हापासून नववे ड्यूक आहेत.

याच दरम्यान एक जुना किताब बाजूने येऊन मिळाला. मॉर्निंग्टनचे अर्लपद रिचर्डनंतर भाऊ विल्यमकडे आणि मग विल्यमच्या मुलाकडे व नातवाकडे गेले होते. तो नातू १८६३ मध्ये अविवाहित वारला, तेव्हा ते अर्लपद दुसऱ्या ड्यूककडे आले. त्यामुळे आज ड्यूकजवळ असलेले काही किताब खुद्द ड्यूकपदापेक्षा अर्धशतकाहून जुने आहेत.

११. ड्यूकच्या मुलाला मार्क्वेस ऑफ डोरो का म्हणतात? तो खरोखर मार्क्वेस असतो का?

नसतो. बाप हयात असेपर्यंत थोरला मुलगा कायद्याने सामान्य नागरिकच असतो, फक्त बापाच्या दुय्यम किताबांपैकी एक सौजन्याने त्याच्या नावापुढे लावला जातो. मार्क्वेस ऑफ वेलिंग्टन हा किताब अधिक जुना असूनही तो मुलाला लावत नाहीत, कारण बाप-लेक दोघेही ‘वेलिंग्टन’ झाले तर घोटाळा होईल. म्हणून मुलगा डोरो आणि त्याचा थोरला मुलगा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, असा रिवाज आहे. हा केवळ रिवाज असल्यामुळेच दुसरा ड्यूक बापाच्या हयातीत मार्क्वेस ऑफ डोरो म्हणवून घेत असतानाही निवडून येऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसू शकला.

१२. ड्यूकला आजही हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आपोआप जागा मिळते का?

नाही. १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत उमरावांचा तेथे बसण्याचा हक्क संपवला आणि ९२ जागा तेवढ्या तात्पुरत्या राखल्या. त्यांपैकी रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी उमरावांमध्ये पोटनिवडणूक होत असे, आणि अशाच पोटनिवडणुकीतून नववे ड्यूक २०१५ मध्ये सभागृहात गेले. या उरलेल्या जागाही रद्द करण्याचे विधेयक सरकारने २०२४ मध्ये मांडले. सभागृहातली जागा गेली तरी किताब जात नाही.

१३. हा किताब विकता किंवा नाकारता येतो का?

विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही आणि मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. नाकारण्याची सोय १९६३ च्या कायद्याने झाली : वारसा आल्यापासून वर्षभराच्या आत लेखी त्याग करता येतो. परंतु तो त्याग त्या माणसाच्या आयुष्यापुरताच असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर किताब पुढच्या वारसाकडे जातोच. वेलिंग्टनच्या कोणत्याही ड्यूकने अद्याप असा त्याग केलेला नाही.

१४. मुंबईतले वेलिंग्टन आणि विलिंग्डन एकच का? सांगलीचे कॉलेज कोणाच्या नावाचे?

ही दोन संपूर्ण वेगळी नावे आहेत. मुंबईत रीगल सिनेमाजवळचे वेलिंग्टन कारंजे पहिल्या ड्यूकच्या स्मरणार्थ १८६५ मध्ये उभारले गेले. तो १८०१ आणि १८०४ मध्ये मुंबईत येऊन गेला होता. अपोलो बंदरालाही एके काळी वेलिंग्टन पिअर म्हणत. निलगिरीतील वेलिंग्टन छावणीचे नावही त्याचेच.

विलिंग्डन हे मात्र १९१३ ते १९१८ या काळात मुंबईचे गव्हर्नर आणि पुढे व्हाइसरॉय झालेले गृहस्थ. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सुरू केलेले सांगलीचे विलिंग्डन कॉलेज आणि मुंबईचा विलिंग्डन क्लब ही त्यांची नावे आहेत. तेही बॅरनपासून चढत १९३६ मध्ये मार्क्वेस झाले, पण दुसऱ्या मार्क्वेसला मूल नसल्याने १९७९ मध्ये तो किताब संपला.

१५. ब्रिटनबाहेरचे किताबही याच नियमाने चालतात का?

नाही, आणि येथेच सगळ्यात रोचक अपवाद सापडतो. पोर्तुगालने आर्थरला काउंट ऑफ व्हिमेइरो, मार्क्वेस ऑफ तोरेस व्हेद्रास आणि ड्यूक ऑफ व्हितोरिया हे किताब दिले. नेदरलँड्सच्या राजाने १८१५ मध्ये प्रिन्स ऑफ वॉटर्लू हा किताब आणि आज बेल्जियममध्ये असलेली सुमारे हजार हेक्टर जमीन दिली. स्पेनने १८१२ मध्ये ड्यूक ऑफ सिउदाद रोद्रिगो केले.

स्पेनच्या कायद्यात किताब मुलीकडेही जाऊ शकतो. त्यामुळे १९४३ मध्ये सहावा ड्यूक सालेर्नोला पडला, तेव्हा त्याचे किताब एका दिवसात फुटले : वेलिंग्टनचे ड्यूकपद चुलत्याकडे गेले आणि सिउदाद रोद्रिगोचे स्पॅनिश ड्यूकपद थोरली बहीण लेडी अ‍ॅन यांच्याकडे आले. १९४९ मध्ये त्यांनी ते आपल्या चुलत्यांच्या स्वाधीन केले आणि दोन्ही किताब पुन्हा एका हाती आले. २००६ मध्ये स्पेनने वारसाक्रमातला मुलगा-मुलगी हा भेदच काढून टाकला, तेव्हा पुढे ड्यूकचे पहिले अपत्य मुलगी असेल त्या पिढीत हे किताब पुन्हा वेगळे होऊ शकतात.

१६. पहिल्या ड्यूकचा पुरुष वंश कधी खुंटला, तर सगळे किताब संपतील का?

सगळे नाही. ड्यूक, मार्क्वेस, वेलिंग्टनचे अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन डोरो हे १८०९ ते १८१४ मधले किताब आर्थरच्या स्वतःच्या पुरुष वंशापुरते आहेत, म्हणून ते लयाला जातील. मॉर्निंग्टनचे अर्लपद मात्र आर्थरला मिळालेले नव्हते. ते त्याचा बाप गॅरेट याच्या पुरुष वंशाला दिलेले आहे. आर्थरचा सर्वांत धाकटा भाऊ हेन्री हा बॅरन काउली झाला होता आणि त्याच्या वंशात आज अर्ल काउली हा किताब चालू आहे. तशी वेळ आली तर मॉर्निंग्टनचा किताब त्या शाखेकडे जाईल, आणि कॉली या जुन्या आडनावावरून किताब घेतलेल्या शाखेकडे डब्लिनचा तो संगीतकार अर्ल ज्या नावाने ओळखला जाई ते नाव पोहोचेल.